थोरल्याच्या पसंतीचं इंजिन

तिसऱ्या इंजिनाने पहिल्याच झटक्याला आवाज दिला आणि बोटीच्या इंजिनांच्या दुकानामागच्या आवारातली अख्खी गर्दी एक पाऊल मागे सरली.

पिंपातलं पाणी घुसळून निघालं, धूर उठला. हँडल ओढणारा गडी स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. आधीची दोन इंजिनं त्याने घाम फुटेस्तोवर ओढली होती. ती साधी खोकलीसुद्धा नव्हती. तिन्ही इंजिनं नवी कोरी, तिन्हींत पेट्रोल भरलेलं, तिन्ही एका रांगेत पाण्याच्या पिंपांवर लटकवलेली. मग हेच का बोललं?

"कारण याच्यात तुझा बाप बोलला," इंजिनबाबा म्हणाला. "ज्याला समुद्राने नेलं, त्याला समुद्राच्या पोटातलं सगळं कळतं. त्याने निवडलेलं इंजिन भरसमुद्रात दगा देत नाही. मी कोण निवडणारा? मी आपला नुसता मधला वायसर."

लोकांना हा वायसर फार आवडला. केवढा विनय! बाबाजवळ एक निळं ओलं फडकं असायचं. ते तो इंजिनावर पसरायचा, त्याखाली दोन्ही हात घालायचा, डोळे मिटायचा आणि बुडालेल्या माणसाला विचारायचा, "हे हवं का?" मग फडकं काढून जवळच्या नातलगाला हँडल ओढायला लावायचा. इंजिन गप्प राहिलं तर नकार, बोललं तर होकार. होकार मात्र दरवेळी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या इंजिनालाच मिळे. हयातभर टायरच्या चपला घातलेली माणसं मेल्यावर अशी महागाच्या मागे कशी लागतात, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. दुकानदाराला तर मुळीच नाही.

गर्दीच्या कडेला एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या. सून बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायची, म्हणून सगळे तिला बर्फवाली म्हणत. तिचं बोलणंही गार, असं म्हणणारे होतेच. कारखान्याने तिला एक खोड लावली होती. समोर काहीही चाललेलं असो, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, यावरच तिचा डोळा. आताही तिने तेच केलं. फडकं पडण्याआधी तिन्ही इंजिनांच्या पुढच्या बाजूला एकेक लाल, वेटोळ्यांचा दोर लोंबत होता. फडकं उचलल्यावर दोन दिसेनासे झाले. तिसरा, बोलणाऱ्या इंजिनाचा, जागच्या जागी होता.

"उद्या आपण यायचं," सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "थोरला काय म्हणतो ते ऐकायचं."

थोरला म्हणजे सासूबाईंचा मुलगा आणि बर्फवालीचा नवरा. गेल्या वर्षी अगदी साध्यासुध्या सकाळी, वारा नाही की लाट नाही, जाळं ओढताना तो तोल जाऊन बोटीतून पडला होता. लांबच्या एका बोटीवरून लोकांनी बघितलं. रिकामी बोट आपली चाललीच आहे आणि थोरला तिच्यामागे पोहतोय. पट्टीचा पोहणारा होता, बराच वेळ पोहला. ते लोक पोचले तेव्हा मागे नुसतं पाणी होतं. बोट पुढे खडकावर जाऊन थांबली. बोट दुरुस्त झाली. इंजिनाचा मात्र चुराडा झाला होता.

आता धाकटा ती बोट घेऊन जाणार होता. त्यासाठी नवं इंजिन हवं होतं.

"आई, मोठं इंजिन आपल्या बोटीला झेपायचं नाही," संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटा म्हणाला. "केवढीशी बोट ती. मागची फळी खाली बसेल, आणि जाळं भरलेलं असलं की मागून पाणी आत येईल. मला ते लहान पुरे. एकट्याला उचलता येतं."

"तुझ्या पसंतीचा प्रश्नच नाही. तो सांगेल ते."

"आणि त्याने विमान सांगितलं तर?"

"तर विमानात बसून मासे पकड," सासूबाई म्हणाल्या. तिघंही हसली, आणि हसू विझल्यावर घर आणखीच रिकामं वाटलं. मग त्या भांडं घासता घासता म्हणाल्या, "एक दिलाय मी. दुसरा न विचारता देणार नाही. त्याने हो म्हटल्याशिवाय तू पाण्यात पाय घालायचा नाहीस."

धाकटा उठून बाहेर गेला. सासूबाईंनी हात पुसले.

"तुला नाही गं वाटत, एकदा ऐकावं त्याला?"

बर्फवालीकडे गार उत्तरांची कमी नव्हती. पण त्या प्रश्नाला एकही चालेना.

"वाटतं, आई," ती म्हणाली.

मागचं दार लावायला तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि ती तशीच उभी राहिली. किल्ली लाल, वेटोळ्यांच्या दोरात अडकवलेली होती. कितीतरी वर्षं ती रोज हा दोर हातात घेत होती. त्याच्या टोकाला प्लास्टिकचा एक चपटा चाप होता. तो कशाचा, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. थोरल्याच्या इंजिनाबरोबर आलेला दोर, एवढं खरं. चांगला ताणला जायचा, किल्लीला सोयीचा.

परसात पोत्याखाली ते मोडकं इंजिन पडलं होतं. तिने पोतं बाजूला केलं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक लाल बटण होतं आणि त्याच्या मानेभोवती हिरवी सुतळी करकचून गुंडाळलेली होती. चाप नेमका त्याच खाचेच्या मापाचा होता. तिने सुतळी कापली. बटण टपकन आत गेलं. चाप खाचेत सरकवला, बटण बाहेर आलं. पुन्हा काढला, पुन्हा आत.

तिला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. त्यातली एक उद्या आवारात सगळ्यांसमोर सांगता आली असती. दुसरी कुणालाच सांगू नये अशी होती, आणि एक सांगितली की दुसरी आपसूक बाहेर येणार होती.

दुसऱ्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने फडकं पिळलं, पसरलं, डोळे मिटले.

"ये रे, दर्याच्या लेकरा. आई आलीय, भाऊ आलाय, बायको आलीय. हे लहान हवं का?"

धाकट्याने हँडल ओढलं. काही नाही.

"नको म्हणतो. मधलं?"

पुन्हा काही नाही. तिसऱ्यावर, सगळ्यात मोठ्यावर, फडकं पसरलं गेलं, निघालं, आणि एका झटक्यात इंजिन गरजलं.

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी इंजिनाच्या थरथरत्या झाकणावर तळहात ठेवला, जसा तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

"दमलास का रे?" त्या म्हणाल्या.

"म्हणतोय, आई, आता नाही दमत," बाबा म्हणाला. "म्हणतोय, धाकट्याला पाठव, मी त्याच्या मागे बसलोय."

बर्फवालीचे डोळे भरून आले. ढोंग आहे हे माहीत असून भरून आले. एके काळी किनाऱ्यावर उभं राहून ती नुसत्या आवाजावरून आपलं इंजिन ओळखायची, आणि मग भात चुलीवर चढवायची. वर्षभरात सासूबाईंच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं. राहू द्यावं ना. कुणाचं काय जातंय?

तेवढ्यात दुकानदाराने दोन माणसांना बोलावलं. ते मोठं इंजिन एकट्याने उचलणं शक्यच नव्हतं. धाकटा वाकून त्याचं धूड न्याहाळत होता. आईसाठी गप्प बसलेला, मान खाली घातलेला पोरगा. कुणाचं काय जातंय, ते तिला समोर दिसलं.

"बाबा," ती म्हणाली, "मला एक विचारायचंय त्यांना."

"विचार, बाई. ऐकतोय तो."

"आपलं पहिलं इंजिन घरी आणलं, त्या दिवशी मी दाताने काय तोडलं होतं?"

बाबाने डोळे मिटले, मान डोलावली, एक डोळा किलकिला करून तिच्याकडे पाहिलं. "बाई, पलीकडे गेलेल्याला संसारातल्या बारीकसारीक गोष्टी आठवत नाहीत."

"हॉर्सपॉवर बरे आठवतात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बर्फवालीने पिशवीतून किल्लीचा दोर काढला, किल्ली सोडवून सासूबाईंच्या हातात दिली आणि ती लहान इंजिनापाशी गेली. लाल बटणाच्या मानेखाली चाप सरकवला, हँडल ओढलं. लहान इंजिन चालू झालं. मग तिने मोठ्या इंजिनाचा चाप ओढून काढला. ते वाक्य अर्धवट टाकल्यासारखं गप्प झालं.

"बाईचा हात लागला," बाबा घाईघाईने म्हणाला, "बायकोच्या हाताने त्याचं मन बदललं."

"मग फडक्याचंही बदलू द्या." तिने त्याच्या हातातलं निळं फडकं खसकन ओढलं आणि झटकलं. दोन लाल दोर सिमेंटवर पडले.

"चाप असला की ठिणगी पडते, काढला की पडत नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "फडक्याखाली हा तेवढंच करतो. ज्याचा चाप काढला ते गप्प, ज्याचा ठेवला ते बोलतं. नवरा नाही, बाप नाही, कुणी नाही यात. आणि तुम्हा-आम्हाला हे दिसलं नाही, कारण दोर जाळ्यात अडकतो म्हणून आपण पहिल्याच दिवशी बटण बाहेर ओढून सुतळीने बांधतो आणि दोर घरी खिळ्यावर टांगतो. आपल्या घरात किल्ल्या अडकवायला काय वापरतो, बघा जरा जाऊन."

आवारात कुजबुज उठली. दुकानदार आत काहीतरी शोधायला गेला, तो बाहेर आलाच नाही.

सासूबाई मात्र सिमेंटवरच्या दोराकडे बघत होत्या.

"म्हणजे तो बोलला नाही."

"नाही, आई."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही."

त्यांनी वाकून एक दोर उचलला, ताणून पाहिला. "हा असतो कशाला गं?"

आता बर्फवालीला पळून जावंसं वाटलं. "एक टोक इंजिनाला, दुसरं मनगटाला," ती म्हणाली. "माणूस पाण्यात पडला की चाप निघतो आणि इंजिन बंद पडतं. बोट तिथेच थांबते."

"आपल्या इंजिनाला होता?"

"होता."

सासूबाईंनी दुसऱ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"तो पोहत होता," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"पोचला असता."

ज्यांच्या बोटी होत्या ते पुरुष जमिनीकडे बघत होते. लहान इंजिन अजून चालू होतं, ते धाकट्याने बंद केलं. बाबाला कुणी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तो गर्दीतून निघून गेला हेही कुणाला कळलं नाही. फडकं तेवढं मागे राहिलं.

घरी आल्यावर सासूबाई पाणीसुद्धा न पिता बसून होत्या. दिवेलागणीला त्यांनी विचारलं, "दाताने काय तोडलं होतंस?"

बर्फवालीला वाटलं होतं, हा प्रश्न त्या विसरल्या असतील.

"सुतळी," ती म्हणाली. "बटणाला ते गुंडाळत होते. दोन्ही हात गुंतलेले. म्हणाले, टोक तोड गं. मी तोडलं."

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं, वर्षभरात ओढलं नव्हतं तसं. "मला म्हणाला असता," त्या म्हणाल्या, "तर मीही तोडून दिलं असतं."

दोघी खूप वेळ रडल्या. बाबाने दिलेलं समाधान एका सकाळचं होतं आणि फुकटचं नव्हतं. त्यापायी दुसरा मुलगा जाणार होता. खऱ्याने समाधान दिलं नाही. त्याने एक न भरणारी जखम दिली आणि एक माणूस वाचवला. मेलेली माणसं यंत्रातून बोलत नाहीत, हे ऐकायला वाईट वाटतं, पण त्यांच्यावर प्रेम असेल तर ते ऐकायलाच हवं. ती कशी गेली हे नीट विचारा, कुणी कितीही फडकी पसरली तरी विचारा, आणि जिवंत माणसांच्या बोटीवरच्या सुतळ्या कापा.

लहान इंजिन आलं, दुसऱ्या दुकानातून. धाकटा रोज पहाटे निघतो. सासूबाई गुडघाभर पाण्यात जाऊन लाल दोर स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटात अडकवतात.

"चालू कर."

तो चालू करतो.

"आता पड."

धाकटा पडल्यासारखा हात झटकतो. चाप निघतो, इंजिन बंद होतं आणि किनाऱ्यावर शांतता पसरते. सासूबाई ती शांतता कान देऊन शेवटपर्यंत ऐकतात.

"हं," त्या म्हणतात. "जा आता."