एकाच शेंड्याची झाडं

मांडवगण फराट्यात अनसाबाईच्या अंगणात तीन बॉटल पाम होते. खरं तर चार. चौथ्याचा नुसता खुंट उरला होता आणि त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. हा तिच्या नवऱ्याचा, गेणबाचा, पराक्रम.

गेणबाचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. शेंडा छाटला की झाड दुप्पट फुटतं, हे ज्ञान त्यानं शेकडो बाभळींवर पडताळून पाहिलं होतं. मेंढरं विकून, घर बांधून दोघं गावात स्थिरावली आणि बायकोनं उरुळीच्या नर्सरीतून पाम आणून लावले. ते पुरुषभर उंच झाले, तेव्हा एकाच्या शेंड्याला त्यानं अगदी मायेनं कुऱ्हाड लावली. पाम फुटला नाही. नर्सरीवाल्यानं सांगितलं की पामाला शेंडा एकच असतो, तो गेला की झाड गेलं. अनसाबाई दोन महिने नवऱ्याशी बोलली नाही. दोरी मात्र तिनं त्याच्याच हातून बांधून घेतली.

गावाला या झाडांचा उपयोग कळत नव्हता. फळ नाही, सावली नाही, शेळी तोंड लावत नाही. अनसाबाईचं म्हणणं, म्हणून तर लावलीत. जन्मभर तिनं पाहिलेलं झाड एक तर जनावरांच्या पोटात गेलं होतं, नाही तर वाटेत मागं राहिलं होतं. ही झाडं लावलेल्या जागी होती, आणि तीही तिथंच होती.

२००३ साली रस्ता रुंद करायचं ठरलं आणि अंगणाच्या कडेचा थोरला लिंब त्यात सापडला. ठेकेदाराचा मुकादम पोपटराव चार माणसं आणि मशीनची करवत घेऊन आला. रस्त्यापलीकडं विजेच्या तारा होत्या, त्यामुळं लिंब अंगणात पाडायचा, असं त्यानं बुडापाशी उभं राहून जाहीर केलं. अंगणात पाम आहेत हे त्याला दिसलं होतं. त्याच्या मते ती शोभेची वस्तू होती.

"मावशी, तिनाच्या जागी सहा रोपं आणून देतो," तो म्हणाला.

"आन् नऊ वर्सं? ती बी आणून देतोस का?"

पोपटरावाच्या यादीत वर्षं नव्हती. अनसाबाईनं घरातली बाज ओढत आणली, बरोबर पामांच्या पुढ्यात टाकली आणि तिच्यावर बसून मेथी निवडायला घेतली. पोपटरावानं सरकारी कामात अडथळ्याचं कलम सांगितलं. फौजदार किती वाजता येतील, तेवढं आधी कळलं तर चहाला दूध ठेवते, असं तिनं कळवलं. करवत दोनदा सुरू झाली आणि दोनदा बंद झाली. बाईच्या अंगावर झाड पाडायचं कलम पोपटरावाकडं नव्हतं.

तेवढ्यात घरातून गेणबा बाहेर आला. हातात जुनी कुऱ्हाड, खांद्यावर दोर. अनसाबाई मेथी टाकून ताडकन उठली आणि पामांना पाठ लावून उभी राहिली. मुकादमापेक्षा तिला हा माणूस जास्त धोक्याचा वाटत होता.

गेणबा तिच्याकडं न बघता लिंबापाशी गेला.

"पाडायचा कशाला? वरनं उतरवत आणू," तो म्हणाला.

"आबा, वय काय तुमचं?" पोपटराव म्हणाला.

"झाडानं कवा इचारलं न्हाई."

मग साठी उलटलेला माणूस लिंबावर चढला. मेंढरांना डहाळा खाली वाकवून देताना धनगर फांदी पुरती तोडत नाही. सालीवर लोंबती ठेवतो. गेणबानं तसंच केलं. फांदी लोंबली की दोर बांधायचा, उरलेली साल कापायची आणि ती हळूच खाली सोडायची. करवतवाला खाली दोर धरून उभा राहिला. मशीन बाजेखाली पडून राहिलं. बातमी कळताच आळीतल्या सगळ्या शेळ्या हजर झाल्या. पाला उचलायला पोपटरावानं ट्रॅक्टर सांगितला होता, तो आला तेव्हा उचलण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा लिंबाचं दोन पुरुष उंचीचं बोडकं खोड उरलं. ते तारांपर्यंत पोचणारच नव्हतं. करवतवाल्यानं ते रस्त्याच्या बाजूला आडवं केलं. अंगणात धूळ तेवढी आली.

अनसाबाईनं तिन्ही पामांचे शेंडे मान वर करून एकेक तपासले. एका पामाचं एक पान मोडलं होतं. शेंडे शाबूत होते. पोपटरावाला तिनं चहा दिला, दुधाचा.

गेणबा घाम पुसत घराकडं निघाला. वाट पामांजवळून जात होती. मोडकं पान बघून तो क्षणभर थांबला.

"कुऱ्हाड इकडं द्या आधी," अनसाबाई म्हणाली.

त्यानं दिली.