नाव कमी

शाळेला शंभर वर्षं झाली आणि सगळ्यांना एकदम इतिहासाची उबळ आली. शाळा अँग्लिकन चर्चची, स्वतःच्या पायावर उभी, सरकारच्या हाताखाली नाही. वसतिगृह नाही, पोरं सकाळी यायची, चारला घरी जायची. पहिली साठ वर्षं नुसती मुलांची, मग मुलींनाही घेतलं. एवढं कोणीही सांगेल. पुढचं विचारायचं तर रजिस्टरकाकांना. छत्तीस वर्षं दाखल्यांचं रजिस्टर त्यांच्याकडे होतं, आणि एकदा लिहिलं की त्यात खाडाखोड नाही.

इतिहास लिहिणाऱ्या बाई घरी आल्या. काकू आत चहा करत होत्या.

"काका, पहिल्या सात मुलींतली एक तुमची लेक ना? तिच्यापुढे लाल शाईत लिहिलंय, 'नाव कमी केले. कारण : गाव सोडले.' पण तुम्ही तर इथेच आहात."

लेक भारी हुशार. सगळा शिक्षकवर्ग म्हणायचा, पोरगी शाळेचं नाव काढणार. नवव्या वर्षी ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. काका कामावर गेले, तर समोर तेच रजिस्टर. कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहायचं होतं. बापाचा हात चालेना. शेवटी लिहिलं 'गाव सोडले', आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली. शाळेचं नाव काढणारी पोरगी, तिचंच नाव बापाने काढलं.

शाळेत शिकताना गेलेल्या मुलांची नावं दर वर्षी स्थापनादिनाला चॅपेलमध्ये वाचतात. यादी निघते ती रजिस्टरातून. काकू दर वर्षी शेवटच्या बाकावर कान देऊन बसायच्या आणि घरी येताना फादरच्या नावाने बोटं मोडायच्या. काका शेजारून मुकाट चालायचे.

"गेलेल्या मुलांची यादी उद्या पुस्तकात छापायला जातेय," बाई म्हणाल्या. "म्हणून विचारलं."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. आता गप्प बसलं तर लेक यादीतून कायमची राहून जाणार, आणि बोललं तर बायकोला तोंड कसं दाखवणार. काकांनी खाली बघतच सगळं सांगून टाकलं.

काकूंनी कप ठेवले.

"चाळीस वर्षं मी त्या फादरलोकांना नावं ठेवली," त्या म्हणाल्या. "पाच फादर झाले. आणि तुम्ही ऐकत होतात."

दुसऱ्या दिवशी काकांनी शाळेत जाऊन जुन्या ओळीखाली 'दुरुस्ती' लिहिलं आणि सही केली. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

स्थापनादिनाला दोघं नेहमीच्या बाकावर बसली. घरात आठवडाभर कामापुरतंच बोलणं होतं. फादरांनी नावं वाचली, सर्वांत शेवटी लेकीचं. काकूंनी मान हलवली, यादी तपासल्यासारखी.

काकांना मात्र बाक दोन्ही हातांनी धरावा लागला. इतकी वर्षं लेक गाव सोडून गेली होती, एवढंच. ती मेल्याचं त्यांनी आज ऐकलं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जवळ सरकल्या.

"रडा," त्या हळूच म्हणाल्या. "माझं केव्हाच रडून झालंय."