माझ्या तोंडून मैनाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला अजून स्वतःची लाज वाटते.

१९७४ साली भिवंडीच्या चांगदेव मास्तरांनी मला आपल्या इंग्रजीच्या वर्गासाठी घेतले. नोकरीसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा तिथे होई. उमेदवाराने माझ्यापुढे बोलायचे, मग दोन परीक्षकांनी वेगवेगळे बसून माझ्याकडून ते ऐकायचे आणि उच्चार, ओघ, व्याकरण यांचे गुण मांडायचे. तोंड पाहून गुण नकोत, म्हणून मी! केवढी घमेंड चढली होती मला.

परीक्षा शुक्रवारी असे. त्या दिवशी गावातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असत. जवळच्या कोन गावातल्या मैनाला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी हवी होती. वडील गेल्यापासून सारे घर तिच्याकडे डोळे लावून होते. नेमकी तिच्या परीक्षेच्या शुक्रवारी तिची आई तापाने फणफणली. मास्तर मनाचे भले. त्यांनी तिला शनिवारी बोलावले.

शनिवारी लूम धडधडत होते. वीज सगळी तेच ओढून घेत. दिवे मिणमिणत होते आणि माझी चाके रेंगाळत फिरत होती. मैना मात्र सुरेख बोलली. मास्तर समोर बसून ऐकत होते, खूश झाले.

पुढच्या शुक्रवारी परीक्षक आले. आता विजेला जोर होता. रेंगाळत भरलेला आवाज मी भरधाव सोडला आणि मैना चिमणीसारखी चिवचिवली. परीक्षक पोट धरून हसले. उच्चाराला भोपळा, ओघालाही भोपळा. दोघांचे गुण तंतोतंत जुळले, मग शंका कोणाला येणार?

मैना दाराबाहेर थांबून सारे ऐकत होती. तिने स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"मास्तर, माझा आवाज असा हाय?"

"यंत्र खोटं कशाला बोलेल, पोरी?"

स्वतःच्या कानांनी ऐकलेले विसरून मास्तरांनी माझ्यावर विश्वास ठेवला! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

पण मास्तरांना रुखरुख लागून राहिली. सोमवारी लूम चालू असताना त्यांनी तीच टेप पुन्हा लावली. वीज कमी, माझी चाके शनिवारसारखीच रेंगाळली आणि मैनाचा खरा, स्वच्छ आवाज खोलीभर उमटला. मास्तर मला उचलून तडक कोनला धावले.

"चूक आमची झाली, पोरी. पुन्हा परीक्षा घेऊ. बोल."

मैनाने माझ्याकडे पाहिले आणि तोंडावर हात घट्ट धरला.

"ती आता घरात पन बोलत न्हाय, मास्तर," आई म्हणाली.

मित्रांनो, गुण देताना माझ्यासारख्याची मदत जरूर घ्या. पण ज्याला गुण देता, त्याला एकदा समोर बसवून ऐका. मैनाचा तो सुरेख आवाज आजही माझ्या रिळावर आहे. तिच्याकडे मात्र तो उरला नाही.