गरुडाच्या डोंगरावरचा बझर्ड

मी एक म्हातारा बझर्ड आहे, गरुडाहून लहान असा शिकारी पक्षी. आयर्लंडच्या उत्तरेला, डोनेगॉलच्या डोंगरात ग्लेनव्हे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या तळ्यावर मी घिरट्या घालतो. तुमच्याकडच्या तिसा पक्ष्याचा मी लांबचा भाऊ. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे; तरी सांगतो.

मित्रांनो, माणसांच्या बंदुकांनी आणि विषाने या बेटावरून आमची जात एकदा नाहीशी झाली होती. सोनेरी गरुडाचीही. गरुडाची पिल्ले माणसांनी स्कॉटलंडहून आणली, भरवली, वाढवली. आमचे पूर्वज मात्र आपल्याच पंखांनी परतले; त्यांना कोणी बोलावलेही नव्हते. मी इथे उंदीर धरले, ससे धरले, हरणांच्या कळपांवर वाऱ्यात तरंगलो. पण दुर्बिणी उचलल्या जातात त्या गरुडासाठी. मला त्याचा हेवा वाटतो. अगदी पिसांच्या मुळापर्यंत वाटतो.

परवा मेनूथ गावाहून एक मराठी कुटुंब आले. दत्तात्रय आजोबा दुसऱ्या दिवशी भारतात परतणार होते आणि जाण्याआधी त्यांना एकदा गरुड पाहायचा होता. मला बघून नात क्षितिजा ओरडली, "आजोबा, लुक! ईगल!"

आजोबांनी कानटोपी काढली आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. "गरुडराया, विष्णूचं वाहन तू! एवढ्या थंडीत दर्शन दिलंस."

आयुष्यात मला कोणी नमस्कार केला नव्हता. मी पंखसुद्धा हलवला नाही.

"बाबा, हात खाली घ्या," त्यांचा मुलगा हृषीकेश हसत म्हणाला. "नुसता बझर्ड आहे तो. इथे पैशाला पासरी."

आजोबांचे हात हळूहळू खाली आले. "मग राहिलंच म्हणायचं," ते पुटपुटले.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागच्या कड्यावरून तो निघाला. खराखुरा गरुड. कोणाचेच लक्ष नव्हते. माझा मात्र तोल सुटला. किंचाळत मी त्याच्या अंगावर धावलो. माझा मांजरासारखा आवाज ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या, आणि माझ्याशेजारी त्यांना तो दिसला, माझ्या दुप्पट! हुसकायला गेलो आणि मीच त्याला दाखवून बसलो.

आजोबांनी पुन्हा हात जोडले. या वेळी त्याला.

"झालं ना समाधान, बाबा?"

"झालं रे. पण त्याच्याशी भांडतोय तो कोण?"

"मघाचाच. बझर्ड."

"बघ की, केवढ्याशा अंगानं केवढ्याला भिडलाय! आणि तू त्याला 'नुसता बझर्ड' म्हणतोस होय?"

"ही इज सम लॅड, आजोबा! भारी गडी आहे!" क्षितिजाने टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझा हेवा अजून गेलेला नाही. या वयात जाईल असे वाटतही नाही. पण एक विनंती आहे. कोल्ह्यांना मारायला म्हणून रानात कोणी विष घातलेले मांस ठेवत असेल, तर त्याला अडवा. ते मांस गरुडही खातो आणि मीही. विष मात्र त्याच्यात आणि माझ्यात काहीच फरक करत नाही.