आतड्यांच्या शेवया

पोट उघडं टाकून चारचौघांत उभं राहायला मला आता लाज वाटत नाही, मित्रांनो. तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आणलेला मी मानवी शरीराचा पुतळा. कारखान्यात माझं हृदय, यकृत, आतडी साच्यातून काढून हातानं रंगवली. नवा होतो तेव्हा चुडामण सर मला स्वतः पुसायचे. पुढे भिंतीवर पडदा आला, त्यावर चित्रं हलू लागली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. दिवसचे दिवस कोणी फिरकत नसे. फार एकटं वाटायचं.

मग बारावीतली रुचिका आली. तिला नर्सिंगला जायचं होतं. घरी मिरच्यांचे देठ खुडायची गडबड, म्हणून वर्ग सुटल्यावर ती माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसे. एक ओळ वाचली की मान वर.

"हाई आतडं शे का खाटवर टाकेल शेवया?"

यकृताला ती काकांची चेपलेली उशी म्हणे, स्वादुपिंडाला वाळकं गिलकं, म्हणजे घोसाळं. पुस्तक मांडीवरच राही आणि ती एकटीच हसत सुटे. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. तिनं पान उलटूच नये असं वाटे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी माझं लहान आतडं तिच्या हातात दिलं. "याचं काम काय?" रुचिकाला हसू फुटलं, काही केल्या आवरेना. त्यांनी स्वादुपिंड दाखवलं, तर तोंडातून "गिलकं" एवढंच निघालं. लेखी पेपरातही तिला शेवया, उशी आणि गिलकंच आठवलं. ती नापास झाली आणि नर्सिंगची यादी तिच्याविना लागली.

परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "मन्हंच चुकनं," ती म्हणाली. चुकलं माझंही होतं, पण मला ते सांगता येईना.

फेरपरीक्षेसाठी तिनं एकेक अवयव हातात घेऊन नाव आणि काम घोकलं. एकदाही हसली नाही. पास झाली आणि नंदुरबारला नर्सिंग शिकायला गेली. त्याला दोन वर्षं झाली.

मित्रांनो, अभ्यासात हसू आलं तर हसा, पण आधी समोरच्या अवयवाचं नाव आणि काम सांगा, मग हसा. आमच्यासारख्यांना सोबत हवी असते, पण ती तुमचं वर्ष बुडवून नको. पास झालात की मात्र एकदा भेटायला या. रुचिका अजून आलेली नाही.