कोरे तुकडे

दिराचा टेम्पो आमच्या कारखान्याच्या गेटातून आत आला तेव्हा मी जाडी मोजायचं यंत्र हातात घेऊन उभीच होते. याच दिवसासाठी मी पाइप तपासायचं काम शिकले होते.

माझा नवरा बॉयलरवर फिटर होता. वाफेच्या लाइनला पाइप दिले ते या धाकट्या भावाने, सीमलेस म्हणून. सीमलेस म्हणजे अखंड, जोड नसलेला. निघाले पत्रा वळवून जोडलेले, वरून घासून रंग मारलेले. वाफ चढली, जोड उकलला आणि नवऱ्याचे दोन्ही हात कामातून गेले. दीर म्हणाला, बाजारात सगळेच असं नाव लावतात. सासूबाईंनी घरातली गोष्ट घरातच ठेवायला लावली. मी गप्प बसले, पण नवऱ्याला घास भरवताना दिराचं तोंड रोज डोळ्यांपुढे यायचं.

आता माल परत गेला तर त्याचं दुकान उठणार होतं. हेही सासूबाईंनीच रडून सांगितलं होतं, मी दया दाखवावी म्हणून.

मी मोजायला लागले. जाडी बरोबर. आत बोट फिरवलं, जोड लागेना. ॲसिड लावून पाहिलं, रेघ उमटेना. मेल्याने या वेळी खरा माल आणला होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी टोकं पाहिली. आम्हाला आखूड तुकडे हवे होते, म्हणून त्याने लांब पाइप मधोमध कापून आणले होते. पोलाद भट्टीच्या कोणत्या ओतीतलं आहे ते सांगणारा हीट नंबर पाइपच्या एकाच टोकाला ठोकलेला होता. कापण्याआधी तो दुसऱ्या भागावरही ठोकून घ्यायचा असतो. याने घाई केली. निम्मे तुकडे कोरे.

कोरा तुकडा चालत नाही, असं मी सांगितलं. तो हसला. त्याने एक नंबराचा आणि एक कोरा तुकडा जमिनीवर ठेवून टोकाला टोक लावून दाखवलं. करवतीची खूण तंतोतंत जुळली. मी मान हलवली नाही, तेव्हा त्याचं हसू मावळलं. नमुने कापून चाचणी करू, खर्च माझा, म्हणाला. तशी सूट नियमात होती, आणि ती द्यायची की नाही हे माझ्या हातात होतं. मी नाही म्हटलं.

त्याने सगळ्या कामगारांदेखत हात जोडले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"वहिनी, माल चांगला आहे. तुम्हालाही कळतंय."

"कळतंय ना."

"मग परत का पाठवताय?"

"खराब असता तर कुणीही परत पाठवला असता, भाऊजी. त्यात माझं काय राहिलं असतं?"

टेम्पो मागे घ्यायला ड्रायव्हरला मीच हात दाखवला.