तीन नंबरचं गिऱ्हाईक

कॅमेऱ्यांच्या दुकानात सतरा वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की माणसाच्या दोनच गोष्टी सुजतात, पाय आणि डोकं. एक्स्पर्टचे पाय ठणठणीत होते.

'एक्स्पर्ट' हे नाव दुकानातल्या लोकांनी त्याला चेष्टेने ठेवलं होतं. त्याने ते पदवीसारखं स्वीकारलं. व्हिडिओ कॅमेऱ्यांचा काउंटर त्याचा. गिऱ्हाईक दारातून काउंटरपर्यंत पोचायच्या आत तो मनातल्या मनात त्याला नंबर देऊन मोकळा व्हायचा. एक नंबर म्हणजे खिसा भरलेला आणि डोकंही अगदीच रिकामं नसलेला. त्याच्यासाठी मोठा कॅमेरा, भिंगाभोवती फिरवायच्या कड्या असलेला, बाहेरून माईक लावता येणारा. दोन नंबर म्हणजे पैसे आहेत, पण माहितीपुस्तिका उघडायचा कंटाळा. त्याला मधला, थरथरता हात सांभाळून घेणारा. तीन नंबरकडे दोन्हीचा दुष्काळ. त्याला तळहाताएवढा, एका लाल बटणाचा. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. "याच्याखाली मग खेळणीच मिळतात," असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं.

एक सल्ला मात्र तिन्ही नंबरांना सारखाच मिळे. मोठा कॅमेरा घ्या नाहीतर छोटा, त्यात हेडफोनची सोय असेल तर तो कानाला लावल्याशिवाय शूटिंग करू नका, कारण चित्र दिसतं, आवाज दिसत नाही. हेडफोन न लावता लग्न, भाषण, बाळाचा पहिला शब्द असं काय काय घालवून बसलेल्या गाढवांच्या गोष्टी तो घरी जेवताना नंबरांसकट रंगवून सांगायचा. ऐकणारे असायचे त्याचे बाबा.

बाबांनी चाळीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारला होता. बाजाराच्या या टोकाला ते कोबीचा भाव बोलले की त्या टोकाचा हमाल पोतं उचलायचा. त्याच घशात आता गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशन सोमवारी. जीव वाचेल, आवाज जाईल.

त्याच्या आधीच्या बुधवारी ताई दुकानात आली. ताई म्हणजे एक्स्पर्टची मोठी बहीण. घरी बसून कपडे उसवून, आवळून, सैल करून द्यायची. गळ्यातली मोजपट्टी काढायचीही विसरली होती. बाबांचा आवाज ठेवायचाय, मला झेपेल असा एखादा कॅमेरा दे, म्हणाली. एक्स्पर्टने सख्ख्या बहिणीलाही नंबर दिला. कोणता ते सांगायला नको.

"ताई, तू कशाला पैसे घालवतेस?" तो म्हणाला. "रविवारी मी दुकानातला मोठा आणतोय. तुझ्या हातात कॅमेरा म्हणजे नुसता गोंधळ."

"तू आण की. माझाही असू दे."

मग त्याने तळहाताएवढा काढला आणि लाल बटण तिला दोनदा समजावलं, तेही शेजारच्या काउंटरला ऐकू जाईल अशा आवाजात. ताईने पैसे मोजले. वडिलांसाठी आली होती, भांडायला नाही.

रविवारी सकाळी एक्स्पर्ट ताईच्या घरी आला तो बाबांना आणि अख्खं बिऱ्हाड घेऊन. तिपाई, दोन दिवे, मोठा कॅमेरा आणि केसाळ टोपडं घातलेला हातभर लांबीचा माईक. आल्या आल्या त्याने बाहेरच्या खोलीची उलथापालथ केली. घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्याचा सेल काढला, फ्रिज बंद केला, आणि भाऊजी जोरात श्वास घेतात म्हणून त्यांना स्वयंपाकघरात पाठवून दार लावलं. घर भाऊजींचं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे आकडे आणि आवाजाच्या नाचणाऱ्या पट्ट्याही त्याने घालवून टाकल्या. तसल्या कुबड्या नवशिक्यांना लागतात. हेडफोन पिशवीतून बाहेर आलाच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

बाबांना गळ्यापर्यंत बटणं लावून दिव्यासमोर बसवलं. नाव सांगा, गाव सांगा, नातवंडांना चार शब्द सांगा. ज्या माणसाने उभा बाजार हलवला, तो हेडमास्तरांनी बोलावलेल्या पोरासारखा हात मांडीवर ठेवून बोलायला लागला. चुकलं की एक्स्पर्ट थांबवायचा, दिवे सरकवायचा. तेवढ्या वेळात बाबा उठून ताईशेजारी जाऊन बसत, वरची बटणं सोडत आणि खरं बोलणं तिथे सुरू होई. ते ऐकायला एक्स्पर्टला दिव्यांतून सवड नसे.

आता ताईचं बघा. सुरुवातीला तिने बटण दाबून पाहिलं, चालू झालं. आपण दाबलंय हे ती विसरली आणि बाबा दिव्यासमोर बसल्यावर तिने पुन्हा दाबलं. तिथून सगळं उलटं. बाबा भाषण करत असताना ती मोठ्या काळजीने बंद कॅमेरा त्यांच्यावर धरून बसायची. ते शेजारी आले की बटण दाबून कॅमेरा स्टुलावर खाली तोंड करून ठेवायची, आणि तो पठ्ठ्या इमानाने फरशीचं शूटिंग करायचा.

हे एक्स्पर्टच्या लक्षात आलं. स्टुलावर पडलेल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पण तो बोलला नाही. गालात हसला. जेवताना सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं, नीट झालं. गुरुवारी दुकानात जरा निवांत वेळ मिळाला तेव्हा एक्स्पर्टने आपलं शूटिंग कॉम्प्युटरवर लावलं. चित्र असं की बाबांच्या भुवईचा एकेक केस मोजावा. बाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

त्याने आवाज वाढवला, वायर बदलली, दुसरा कॉम्प्युटर पाहिला. मग खुर्चीत बसून राहिला. त्या लांब माईकला स्वतःचं एक बटण असतं, करंगळीच्या नखाएवढं, आणि माईक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा कान बंद होतो. त्याने माईक जोडला होता आणि बटण लावलं नव्हतं. हे तो गेली सतरा वर्षं लोकांना बोट नाचवून सांगत आला होता. दीड तासाचं सुंदर, मुकं चित्र. बाबांचा आवाज या जगात आता कुठेच नव्हता, आणि तो घालवणारं गाढव कोण हे शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. त्याला रडू आलं. पलीकडे गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे पाठ करून तो रडला.

संध्याकाळी तो हॉस्पिटलमध्ये गेला. बाबा उशीला टेकून बसले होते, गळ्याभोवती पट्ट्या, मांडीवर लिहायला पाटी. ताई शेजारी बसली होती आणि तिचे डोळे त्याच्याइतकेच सुजलेले होते.

"माझ्यात सगळी फरशीच आलीय रे," तिने त्याला पाहताच सांगितलं. "बघवेना म्हणून मी लगेच बंद केला. तुझ्या हिशेबाने मी तीन नंबरचीच. पण तुझं चांगलं आलंय ना?"

 तिच्या पिशवीतून तो तळहाताएवढा कॅमेरा काढून त्याने आवाज पूर्ण वाढवला आणि तिचं शूटिंग लावलं. स्टुलाचा पाय दिसला, बाबांची भेगाळलेली टाच दिसली, फरशीवरचा दोऱ्याचा तुकडा दिसला. आणि बाबा खोलीभर बोलायला लागले.

"हा गिऱ्हाइकांना नंबर देतो म्हणे. मी चाळीस वर्षं माल पुकारला गं. नासका असला तर नासका म्हणून पुकारला. पण समोर उभ्या राहिलेल्या माणसाची बोली कधी लावली नाही." मग त्यांचं ते बाजारी, गडगडाटी हसू. "जाऊ दे. त्याचा आवाज ऐकतेस ना तू? फोनवर लोक फसतात, मीच आहे समजतात. माझा कापून नेला तरी घरात एक शिल्लक आहे. फक्त तो जरा बऱ्या कामाला लावायला पाहिजे. त्याला सांगू नकोस हं, लगेच वर चढून बसेल."

ताई तोंडावर हात ठेवून रडत होती. एक्स्पर्ट फरशीच्या त्या चित्राकडे बघत होता. तेव्हा स्टुलापाशी जाऊन त्याने शहाणपणा केला असता, ताईची चूक सुधारली असती, तर हेही उरलं नसतं. बहिणीला हसण्याच्या नादात त्याच्या हातून घडलेलं हे एकमेव बरं काम होतं, आणि त्याचंही श्रेय घ्यायची सोय नव्हती.

बाबांनी एवढ्या वेळात सगळं ताडलं होतं. मुलगा स्वतःचं शूटिंग दाखवायचं सोडून बहिणीचं लावून बसलाय, यात न कळण्यासारखं काय होतं? त्यांनी पाटी ओढली, खडूने सावकाश एकच शब्द लिहिला आणि पाटी त्याच्याकडे वळवली. 'हेडफोन?'

एक्स्पर्टने ती पाटी वाचली. कधी नव्हे ती मान खाली गेली.

"नव्हता लावला, बाबा," तो हळूच म्हणाला.

ताईने दचकून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.